मानाचा बिल्ला

दवाखाना चालवायला शिकावं लागतं, हे वाक्य मी आमच्या भोरच्या घराच्या ओटीवर उच्चारलं तेव्हा तिथे पाच माणसं बसली होती आणि पाचांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. माझा होता, पण मी ते नुकतंच वर्तमानपत्रात वाचलेलं असल्यामुळे माझं मत स्वतंत्र धरता येणार नाही.

मुंबईच्या एका संस्थेनं रुग्णालय-व्यवस्थेची पदविका काढली होती. मुदत एक वर्ष. विज्ञानाचे पदवीधर चालतील, स्त्रियाही चालतील. ही दोन वाक्यं मी त्यापूर्वी एकाच जाहिरातीत पाहिली नव्हती. मी बी.एस्सी. होऊन मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळेत परीक्षानळी एकच होती आणि तिला तडा गेलेला होता, म्हणून प्राणवायूचा प्रयोग मी दर वर्षी फळ्यावर करत असे. फळ्यावर प्राणवायू कधीही फसत नाही. तीन वर्षं तो न फसल्यामुळे मी कंटाळले होते.

"म्हणजे डॉक्टर होणार तू, द्वारके?" शेजारच्या अंबूकाकूंनी विचारलं.

"डॉक्टर नाही. डॉक्टरांचं काम नीट चालावं म्हणून बाकीची सगळी व्यवस्था असते, ती पाहायची."

"ते डॉक्टरची बायको करते की."

"आणि तिला त्याची फी पडत नाही," आप्पा म्हणाले.

आप्पांनी सगळं आयुष्य संस्थानच्या खजिन्यात काढलं होतं. निवृत्त झाल्यावर तोलायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा ते घरातली माणसं तोलत. त्यांनी माझी पदविका तोलायला घेतली. खर्चाच्या बाजूला संस्थेची फी, मुंबईचं खाणंराहणं, बुडालेला वर्षाचा पगार आणि समुद्राच्या हवेनं होणारी सर्दी. लाभाच्या बाजूला वेल्ह्याचं रुग्णालय. भोरच्या आरोग्य सहायक मंडळाला वेल्ह्याला एक रुग्णालय बांधायचं होतं, आणि पदविका घेऊन येणाऱ्याला तिथे व्यवस्थापकाची जागा मिळेल, अर्धी फीही मंडळ देईल, असं ठरत होतं. उरलेल्या अर्ध्या फीसाठी आईच्या हातातले सोन्याचे गोठ मोडावे लागणार होते.

"ज्या रुग्णालयाचा पाया खणलेला नाही," आप्पा म्हणाले, "त्याच्या व्यवस्थेसाठी हातातले गोठ मोडायचे."

आई आत वाल सोलत होती. ती काही बोलली नाही. आमच्या घरात आई बोलली नाही म्हणजे विषय अजून चालू आहे असं समजतात.

मंडळाचे अध्यक्ष वकील नानासाहेब देवस्थळी. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि उलटतपासणीला आलेल्या साक्षीदाराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"व्यवस्था शिकता येते, असं आपलं म्हणणं?"

"हो."

"मग शिकण्याआधी थोडी करून दाखवा. मार्गासनीला बाजाराच्या दिवशी आपला दवाखाना भरतो. पुढचे चार बाजार तुम्ही पाहा. काही फरक दिसला तर मंडळ अर्धी फी देईल."

न शिकलेली गोष्ट करून दाखवल्यावर ती शिकायला परवानगी मिळणार होती. यातली गंमत मला तेव्हा दिसली नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. प्रयोग म्हटल्यावर मला आनंद झाला.

पहिल्या बाजारी मी फक्त निरीक्षण केलं. भोरहून सर्व्हिस मोटारीनं कापूरहोळ, तिथून दुसऱ्या मोटारीनं मार्गासनी. बाजाराला लागून धर्मशाळा, अंगणात उंबर, उंबराखाली शेंदूर लावलेली जननी देवी आणि धर्मशाळेच्या पडवीत आमचे डॉक्टर परचुरे. त्यांच्याभोवती माणसं अशी होती की डॉक्टर दिसत नव्हते. मधून मधून छाती तपासायच्या नळीचं टोक तेवढं वर येई. चार माणसं चार बाजूंनी एकाच वेळी जीभ दाखवत होती. एका रोग्याबरोबर पाच माणसं आलेली आणि पाचही जण त्याचं दुखणं सांगत होते, तो सोडून. ज्याचा आवाज मोठा त्याला औषध आधी, आणि ज्याला खरोखर बोलवत नव्हतं तो भिंतीला टेकून बसलेला.

मी परत येताना मोटारीतच उपाय शोधला. आकडे. जो आधी आला तो एक, नंतर आला तो दोन. पत्र्याच्या गोल बिल्ल्यांवर आकडे रंगवायचे, दोरा ओवून येईल त्याला द्यायचे, आणि संध्याकाळी परत घ्यायचे. मला तो इतका सोपा वाटला की तो आधी कुणाला सुचला नाही याचं मला आश्चर्य वाटलं. आता वाटत नाही.

मंडळाच्या नियमाप्रमाणे कुठल्याही खरेदीला तीन दुकानदारांचे भाव लागत. भोरात पत्र्याचं काम करणारा माणूस एकच होता, गेनू. मी त्याला अडचण सांगितली. त्यानं एक भाव स्वतःच्या नावानं दिला, दुसरा भावाच्या नावानं आणि तिसरा वारलेल्या वडलांच्या नावानं. मंडळानं तिन्ही भाव पाहिले आणि वडलांचा सर्वांत कमी म्हणून तो मंजूर केला. बिल्ले मात्र गेनूनंच केले, रॉकेलच्या डब्यांचे. उन्हात चांगले चमकत.

दुसऱ्या बाजारी मी पहाटेच्या मोटारीनं जाऊन पडवीच्या पायरीवर बसले. सगळ्यांत आधी आली बनाबाई. वरच्या पठारावरच्या वाडीतली, शेरडं राखणारी बाई; पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजलेला. काठी टेकत अंधारातच निघाली होती. मी तिच्या गळ्यात एक नंबरचा बिल्ला घातला आणि प्रयोग सुरू झाला. दोन, तीन, चार अशी माणसं निमूट बसत गेली. डॉक्टरांनी पडवीतून पाहिलं आणि समाधानानं विडा लावला. माझ्या आयुष्यातला सर्वांत व्यवस्थित काळ तो. अर्धा तास टिकला.

मग मार्गासनीचे कुंडलिक पाटील आले. त्यांना काही झालेलं नव्हतं. चमकतंय काय ते पाहायला आले होते. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि ती बनाबाईच्या गळ्याशी थांबली.

"बाई, ह्यो एक नंबर कुनी दिला?"

"मी."

"पोळ्याला पयला बैल कुनाचा ऱ्हातो हितं, म्हाईत हाय?"

"नाही."

"आमचा. होळीला पयली पोळी?"

"तुमची असेल."

"मंग दवाखान्याला पयला कोन?"

मी शांतपणे समजावलं, की हा मान नाही, हा फक्त क्रम आहे. जो आधी येईल त्याचा पहिला आकडा.

"आदी येईल त्येचा," पाटील विचार करत म्हणाले. "मंग म्या कवा आलो म्हनायचं? म्या हितंच हाय. माझा आजाबी हितंच व्हता. ही बनाबाई तर आज आली."

विज्ञानाच्या पदवीत याला उत्तर नाही. पाटलांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. शाळेतला मुलगा गणितातली चूक दाखवतो तसं ते दाखवत होते. मग त्यांनी विचारलं, "साळंत तुमचा कितवा नंबर यायचा?"

"पहिला."

"मंग तो कुनाला दिला व्हता का?"

मी उत्तर देईपर्यंत बनाबाईनं बिल्ला काढून पाटलांच्या हातात दिलाही होता. "घ्या पाटील. माजा पाय काय, दुखतोयच," असं म्हणून ती काठी टेकत बाजारात गेली, आणि पुढच्या गर्दीत मला सापडली नाही.

डॉक्टरांनी हाक दिली, एक नंबर. कुंडलिक पाटील फेटा सारखा करून बाकावर बसले.

"काय होतंय?"

"काय न्हाई."

"मग?"

"मान हाय."

डॉक्टर परचुरे भोरातच वाढलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटलांच्या छातीला नळी लावली आणि पाचक औषधाची बाटली दिली. पाटील ती बाटली हातात धरून सगळा बाजार फिरले. पुढे आठवडाभर त्यांच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यातलं चमचाभर मिळालं असं ऐकते.

भोरला परत आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. अंबूकाकू म्हणाल्या, "आकडे कशाला गं? नावं घ्यायची." दुसरे शेजारी म्हणाले, आकडे ठीक, पण पत्र्याऐवजी लाकडाचे हवे होते, पत्रा चमकतो आणि चमकणाऱ्या वस्तूचा माणसाला लोभ होतो. आप्पांनी तोलाच्या खर्चाच्या बाजूला बिल्ले धरले. आई पुन्हा काही बोलली नाही, पण मला वाढताना तिच्या हातातले गोठ एकमेकांवर वाजले, आणि मला ते उगीच माझ्याकडे बघून वाजल्यासारखे वाटले.

तिसऱ्या बाजारी चिमाजी पाटील आले. हे वरच्या खोऱ्यातल्या गावचे. कुंडलिक पाटलांच्या घराण्याशी त्यांचा पोळ्याच्या मानावरून जुना वाद होता आणि तो कचेरीत मिटलेला होता, म्हणजे आता त्यावर कुणी बोलत नसे. त्या वादाला माझ्यामुळे नवी जागा मिळाली. चिमाजी पाटील आदल्या दिवशीच येऊन धर्मशाळेत मुक्कामाला राहिले होते, त्यामुळे माझ्या नियमानं पहिले तेच होते.

"धर्मशाळा कुनाच्या गावात हाय?" कुंडलिक पाटील म्हणाले.

"गाव तुमचं. झोप आमची," चिमाजी पाटील म्हणाले.

दोन्ही गावं अंगणात दोन बाजूंना बसली. एक नंबर कुणाचा हे ठरेपर्यंत दोन नंबर कुणीही घेईना, कारण दोन घेणं म्हणजे समोरच्याचा एक मान्य करणं. ज्यांच्या अंगात ताप होता तेही तापासकट आपापल्या पाटलामागे बसून राहिले. डॉक्टर वर्तमानपत्र वाचू लागले.

मी क्रमांकांचा आरंभ दोनपासून करून पाहिला. कुंडलिक पाटील म्हणाले, "पयला काढून टाकला तर दुसराच पयला न्हाई का?" हे बरोबर होतं. मग मी दोन जणांना एक नंबर द्यायचं ठरवून एका कोऱ्या बिल्ल्यावर खडूनं एक लिहिला. चिमाजी पाटलांनी विचारलं, "आदी हाक कुनाला?" हेही बरोबर होतं. शेवटी मी निर्वाणीचा उपाय काढला: आज उलट क्रम, शेवटचा आकडा आधी. मग लक्षात आलं, की आता कुणीच बिल्ला घेत नाही. प्रत्येक जण दुसऱ्यानं घेण्याची वाट पाहत होता, कारण शेवटी घेणारा पहिला.

दुपार टळली. एकाही माणसाला औषध मिळालं नाही. बनाबाई भिंतीला टेकून बसली होती, पाय आणखी सुजलेला. उठताना ती माझ्यापाशी थांबली.

"बाई, रागावू नका. पर तुमचं आकडं येन्याआदी मला आरडून आरडून का हुईना, औशीद भेटायचं."

तिचा आवाज साधा होता. मला त्या दिवशी मोटारीत बसायला जागा मिळाली, पण मी बराच वेळ उभीच होते.

पुढच्या आठवड्यात मला कचेरीतून बोलावणं आलं. कुणीतरी अर्ज केला होता. कारकुनानं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "बिल्ला क्रमांक एक, हे इनाम आहे का वतन?"

"काहीच नाही. रॉकेलच्या डब्याचा पत्रा आहे."

"वंशपरंपरा आहे?"

"संध्याकाळी परत घेतात."

"परत घेतात," तो खेदानं म्हणाला. "मग त्याचा निकाल कसा करणार? तुम्ही तो कायमचा कुणाला तरी देऊन टाका, म्हणजे आम्हाला वाद चालवता येईल."

नानासाहेबांनी निरोप पाठवला, की चौथ्या बाजारी ते स्वतः येतील. निरोप घेऊन आलेल्या गड्यानं त्यांची टिप्पणीही न विचारता सांगितली: व्यवस्था नव्हती तेव्हा निदान दवाखाना तरी होता. आप्पांनी तराजू खाली ठेवला. "मुंबईची हवा तशी दमटच असते," ते मायेनं म्हणाले. हे सांत्वन होतं हे मला कळलं, म्हणूनच ते लागलं.

चौथ्या बाजारी मी बिल्ल्यांची पिशवी घेऊन अंगणात उभी होते. नानासाहेब उपरणं सावरत बाकावर बसले होते. कुंडलिक पाटील खालून आले, चिमाजी पाटील वरून. एकमेकांकडे न बघता दोघं उंबराखाली जननीपुढे वाकले, जवळजवळ एकाच वेळी, आणि वाकताना चिमाजी पाटलांचा खांदा कुंडलिक पाटलांना लागला. कुणाचा मान दुखावला नाही. कुंडलिक पाटील उलट थोडे सरकले.

मी पुढे झाले. "पाटील, आत्ता देवीपुढं आधी कोण वाकलं?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच काळजी वाटली.

"देवीफुडं कसला आदी न् मागं, बाई?" कुंडलिक पाटील म्हणाले.

मी पिशवीतून एक नंबरचा बिल्ला काढला आणि देवीचे गुरव सोनबा यांना म्हणाले, "हा जननीच्या गळ्यात घाला." सोनबांनी घातला. शेंदरावर तो फारच छान दिसला. दोन्ही पाटलांनी त्याला हात जोडले. पण पुढचा प्रश्न मला दिसतच होता. देवीच्या मागोमाग कोण? म्हणून खडूचा तेवढा पिशवीत ठेवून बाकीचे सगळे बिल्ले मी सोनबांच्या ताम्हनात, खोबऱ्याच्या तुकड्यांशेजारी ओतले. "आता हे वाटा."

सोनबा ताम्हन घेऊन फिरू लागले. प्रसादात निवड नसते. पुढे येईल तो हात, आणि हातात येईल ते कपाळाला. बनाबाई उंबराच्या मुळाशीच बसली होती, तिला दोन नंबर आला. कुणी तिच्याकडे तो मागितला नाही. दुसऱ्याचा प्रसाद कोण मागणार? चिमाजी पाटलांना बराच मागचा आकडा आला, कुंडलिक पाटलांना त्याच्याही मागचा. दोघांनी ते आकडे डोळ्यांना लावले, खोबरं तोंडात टाकलं आणि मांडी घालून बसले.

डॉक्टरांनी हाक दिली, "एक नंबर." सगळं अंगण देवीकडे वळलं. डॉक्टरांना काय करावं कळेना. त्यांनी गळ्यातली नळी काढून हात जोडले.

"देवीला औशीद न्हाई देत?" चिमाजी पाटलांनी विचारलं.

"देवीला काही झालेलं नाही."

"मंग कुंडलिक पाटलाला कसं दिलं?"

त्यावर पहिल्यांदा हसले ते कुंडलिक पाटीलच. मग दोन नंबरची हाक झाली. बनाबाई बाकावर बसली, डॉक्टरांनी काटा काढला, तिनं एकदा "आई गं" म्हटलं, आणि त्यानंतर दुपारपर्यंत आकडे एकामागून एक असे गेले, की फळ्यावर लिहिले असते तरी इतके सरळ गेले नसते. नानासाहेब अधूनमधून मान हलवत होते. आईचे गोठ मला मोडलेले दिसू लागले, आणि आईसाठी वाईटही वाटू लागलं.

संध्याकाळी मी रिकामी पिशवी घेऊन दारात उभी राहिले.

"बिल्ले द्या," मी पहिल्या माणसाला म्हणाले.

त्याला मी काय म्हणते ते समजेना. "कसलं?"

"बिल्ले. परत."

"परसाद परत घेत्यात व्हय, बाई?"

एकही बिल्ला परत आला नाही. काही गळ्यातून घरी गेले, काही पदराच्या गाठीत, एक तर बैलाच्या शिंगाला बांधून. चिमाजी पाटलांनी आपला देव्हाऱ्यात ठेवणार असल्याचं मला आपलेपणानं सांगितलं. मंडळाची सर्व मालमत्ता दोन खोऱ्यांत पसरली. पिशवीत उरला होता फक्त खडूनं एक लिहिलेला तो खोटा बिल्ला.

नानासाहेब बाकावरून उठले. "सगळे गेले?"

"सगळे."

"पुढच्या बाजारी काय करणार?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. एवढ्या आठवड्यांत मी नानासाहेबांना दिलेलं हे पहिलं अचूक उत्तर असावं.

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "हे बघा द्वारकाबाई, सगळं जमलं असतं, तर मी मंडळाला सांगणार होतो की या मुलीला आधीच येतंय, फी कशाला भरायची. काहीच जमलं नसतं, तर सांगणार होतो की हिला येणार नाही, फी कशाला भरायची. दोन्ही भाषणं तयार होती." त्यांनी उपरणं झटकलं. "आता काय सांगू? हिला थोडं येतं आणि बरंच शिकायचं आहे. अर्धी फी द्यावी लागेल."

घरी आल्यावर आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, बिल्ल्यांचा खर्च कुठे लिहिणार. मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी थोडा विचार केला. "देवस्थानाकडे," ते म्हणाले, आणि त्या सुचण्यानं इतके खूश झाले की बाकीचं तोलायचं विसरले. आई तेवढ्यात बाहेर आली. हातात गोठ नव्हते. ते रुमालात बांधलेले होते.

"ज्या बाईचा पाय दुखत होता," तिनं विचारलं, "ती चालत गेली का गं?"

"काठी विसरून गेली."

"मग हे घे," आई म्हणाली, आणि वाल सोलायला आत गेली.

जूनमध्ये मी मुंबईला संस्थेत नाव घालायला गेले. मोठी पडवी, लांब बाकं, आणि दारापाशी एका शिपायानं मला पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. त्यावर अडतीस लिहिलं होतं. माझ्यापुढे सदतीस माणसं होती आणि त्यांतली बरीचशी मला माझ्याहून कमी शिकलेली वाटली. मी तो आकडा पाहिला, कपाळाला लावला आणि बाकावर बसले.

शेजारचे गृहस्थ थोडा वेळ माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी आपल्या हातातल्या एकोणचाळीसकडे पाहिलं, इकडेतिकडे कुणी बघत नाहीसं पाहून तो हळूच कपाळाला लावला, आणि विचारलं, "हे इथे करावं लागतं का?"

"आमच्याकडे करतात," मी म्हणाले.